संयोगी वनौषधी आणि सांसर्गिक अतिसार : जालना परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इ.स. १८१७ मध्ये बंगालमधील जेसोर येथे उद्भवलेली पटकीची साथ लष्करी तळ व व्यापारी मार्ग यांच्या आधाराने पश्चिमेकडे सरकत गेली. १८१८ च्या पावसाळ्यात ती नागपूरहून जालन्यास पोहोचली. तेथून औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), पुणे व पनवेल या मार्गाने ऑगस्ट महिन्यात ती मुंबईत दाखल झाली. मुंबईच्या मेडिकल बोर्डाने १८१९ मध्ये या साथीविषयीचे अहवाल प्रसिद्ध केले. त्यामुळे आधुनिक काळातील पटकीच्या लेखी इतिहासात जालन्याचे नाव अगदी आरंभीच येते. हैदराबादच्या सहायक फौजेचे ठाणे जालन्यास होते आणि फौजेच्या हालचालींबरोबर रोगही हलत होता.

पटकी ही सांसर्गिक अतिसाराची सर्वांत भीषण अवस्था होय. परंतु अतिसार तेवढाच नाही. आमांश, रक्ती आव, बालकांचा विषाणुजन्य अतिसार असे त्याचे अनेक प्रकार असून त्यांवर अनेक वनस्पती एकत्र करून औषध देण्याची परंपरा या प्रदेशात दीर्घकाळ चालत आली आहे. ही परंपरा 'आजीबाईचा बटवा' म्हणून गौरविली जाते किंवा 'अशास्त्रीय' म्हणून नाकारली जाते. दोन्ही भूमिकांमध्ये एक मूलभूत प्रश्न मागे पडतो : औषधी एकत्र का केल्या जात होत्या, आणि त्या संयोगाचे समर्थन आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर कितपत होते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक क्रमाने विचार केला आहे. औषधी संयोगाचे मूल्य त्यातील वनस्पतींच्या संख्येवर अवलंबून नसून प्रत्येक घटकाला स्वतंत्र कार्य आहे किंवा नाही यावर अवलंबून असते, आणि असा कोणताही संयोग शरीरातून गेलेल्या पाण्याची भरपाई करू शकत नाही, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

जालना परिसर : पाणी, वनस्पती आणि वैद्यकपरंपरा

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, भोकरदन, जाफराबाद व अंबड हा भाग औरंगाबाद जिल्ह्यातून आणि परतूरचा भाग परभणी जिल्ह्यातून घेऊन त्याची रचना झाली. तत्पूर्वी सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सर्व प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगा, दक्षिणेस गोदावरी आणि मधल्या भागात काळी जमीन असे त्याचे भूस्वरूप आहे. पाऊस कमी व अनिश्चित असल्याने टंचाई हा येथील जीवनाचा जुना अनुभव आहे. १९७२ चा आणि २०१२-१३ चा दुष्काळ या जिल्ह्याने तीव्रतेने सोसला. पाणी कमी पडले म्हणजे माणसे व जनावरे एकाच पाणवठ्यावर येतात, विहिरीचा तळ उपसला जातो, टँकरचे पाणी दिवसेंदिवस साठवावे लागते. आणि पहिल्या पावसाचा लोंढा काठावरची घाण उघड्या पाणवठ्यात वाहून आणतो. उन्हाळ्याचा शेवट व पावसाळ्याचा आरंभ हा अतिसाराचा काळ ठरतो, त्यामागे हे कारण आहे.

या परिसरातील शुष्क पानझडी वनस्पतिसृष्टीत अतिसारावर वापरल्या जाणाऱ्या वनस्पती सहज आढळतात. देवळाजवळचा बेल, बांधावरची बाभूळ, माळावरचा पळस, ओढ्याकाठचे करंज व जांभूळ आणि काळ्या शेतात शेतकऱ्याला नकोसा वाटणारा नागरमोथा ही त्यांची परिचित उदाहरणे होत. त्यांच्या जोडीला स्वयंपाकघरातील सुंठ, धणे, ओवा, जिरे आणि वाळवून ठेवलेली डाळिंबाची साल असे.

संस्थानी राजवटीमुळे येथे वैद्यांच्या आयुर्वेदाबरोबर हकिमांची युनानी चिकित्साही रुजली होती. विसाव्या शतकात त्यात तयार औषधांची भर पडली. हैदराबाद येथे १९२० मध्ये सुरू झालेले 'जिंदा तिलिस्मात' हे निलगिरी तेल, कापूर, पुदिन्याचे सत्त्व व ओव्याचे सत्त्व यांसारख्या वनस्पतिज द्रव्यांचे मिश्रण संस्थानभर खपत असे. लाहोरची 'अमृतधारा' ही त्याच जातीची. सर्दीपासून हगवणीपर्यंत सर्व विकारांवर एकच बाटली, हे अशा मिश्रणांचे आकर्षण होते. वैद्याच्या योगात आणि या बाटलीत मात्र एक महत्त्वाचा फरक होता. वैद्य रुग्णाची अवस्था पाहून घटक बदलत असे. बाटलीला ते शक्य नव्हते.

संहितांतील योगरचनेचे तत्त्व

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकोणिसावा अध्याय आणि सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील चाळिसावा अध्याय अतिसाराला वाहिलेला आहे. या दोन्ही ग्रंथांतील चिकित्सेचा गाभा म्हणजे 'आम' आणि 'पक्व' या अवस्थांमधील भेद होय. आमावस्थेत, म्हणजे दूषित द्रव्य शरीरात असताना, मल रोखून धरणारी स्तंभक औषधे देऊ नयेत असा दंडक आहे. प्रथम पाचन, नंतर संग्रहण हा क्रम ठरलेला आहे. बेलाचे कच्चे फळ ग्राही मानले जाते. पिकलेल्या फळाचे गुण वेगळे सांगितले आहेत.

संयोगाचे तत्त्व समजून घेण्यासाठी 'धान्यपंचक' या काढ्याचे उदाहरण उपयुक्त ठरते. धणे, सुंठ, नागरमोथा, वाळा आणि बेल ही त्यातील पाच द्रव्ये. हाच द्रव्यसमूह चरकाच्या अतिसाराध्यायात प्रमथ्या म्हणून आढळतो आणि अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताच्या चिकित्साग्रंथात धान्यपंचक म्हणून स्थिरावतो. त्यात सुंठ व धणे पाचनासाठी, नागरमोथा पाचन व संग्रहण या दोन्हींसाठी, वाळा दाह व तहान यांसाठी, तर बेल संग्रहणासाठी, अशी कामाची वाटणी दिसते. पित्तज अतिसारात, म्हणजे दाह असताना, सुंठ वगळून उरलेल्या चार द्रव्यांचे 'धान्यचतुष्क' द्यावे अशी योजना आहे. एखादे द्रव्य विशिष्ट रुग्णात का नको, याचे कारण ज्या परंपरेला सांगता येते, तिने ते द्रव्य मुळात विचारपूर्वक योजले होते असे म्हणण्यास आधार मिळतो.

तहानलेल्या रुग्णास औषधिसिद्ध पाणी द्यावे, भूक लागताच पातळ पेया द्यावी, ताक द्यावे, असेही चरकाने सांगितले आहे. द्रवाचे महत्त्व प्राचीन वैद्यकास अज्ञात नव्हते. तथापि गेलेले पाणी व क्षार मोजून भरून काढण्याची कल्पना तेथे नाही, आणि लंघनाचा उपदेश लोकव्यवहारात उतरताना अनेकदा आजारी मुलाचे पाणीच बंद करण्यापर्यंत विपरीत झाला. या विपर्यासाची किंमत बालकांनी मोजली.

अफूचे युग

गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पटकीसदृश रोगाचे वर्णन केले आहे. मराठीतील 'मोडशी' हा शब्द पोर्तुगीजांनी उचलला व पुढे फ्रेंच भाषेत त्याचे 'कुत्र्याचे मरण' अशा अर्थाचे रूपांतर झाले. रोगाचे नाव असे देशोदेशी फिरले. उपचार मात्र सर्वत्र हतबल होते.

१८१८ च्या साथीत कंपनीच्या डॉक्टरांचा मुख्य आधार कॅलोमेल हा पाऱ्याचा क्षार आणि लॉडनम हा अफूचा मद्यार्क यांवर होता. त्याबरोबर रक्तमोक्षणही केले जाई. शरीरातील पाणी झपाट्याने कमी होत असताना रक्त काढणे व पाऱ्याने रेच घडविणे हे आजच्या दृष्टीने रुग्णाला मृत्यूच्या दारात लोटण्यासारखे होते. तेव्हा मात्र तीच मान्य विद्या होती. भारतात सेवेस असलेल्या जॉन कॉलिस ब्राउन या लष्करी डॉक्टराने १८४८ च्या सुमारास पटकीसाठी 'क्लोरोडाइन' तयार केले. अफू व भांग यांचे अर्क आणि क्लोरोफॉर्म ही त्यातील प्रमुख द्रव्ये होती. १८५६ पासून ते बाजारात आले आणि जगभर खपले. व्यसनाधीनता व विषबाधा यांसाठीही ते पुढे कुप्रसिद्ध झाले.

हा दोष केवळ परकीयांचा नव्हता. मध्ययुगात आयुर्वेदीय ग्रंथांतही अहिफेन म्हणजे अफू प्रविष्ट झाली आणि कर्पूररसासारख्या योगांत ती अतिसारासाठी वापरली जाऊ लागली. अफू आतड्याची गती मंद करते. जुलाब थांबल्याचे दिसते. पण जंतू व त्यांचे विष आतच राहते, आणि द्रव शरीराबाहेर पडला नाही तरी आतड्यात साचून रक्ताभिसरणास मुकतो. आमावस्थेत स्तंभन नको, हा संहितांचा दंडक अफूच्या सोयीपुढे विसरला गेला. धान्यपंचक आणि क्लोरोडाइन ही दोन्ही वनस्पतिज मिश्रणेच. परंतु पहिल्यात अवस्थेचा विचार आहे, दुसऱ्यात केवळ लक्षण दाबण्याचा.

एकेका द्रव्याचा शोध

एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्राच्या प्रगतीबरोबर मिश्रण मागे पडले आणि एकेका वनस्पतीतील प्रभावी अंश वेगळा काढण्याचे पर्व सुरू झाले. पांढऱ्या कुड्याच्या सालीतील अल्कलॉइड हेन्स यांनी मुंबई येथे वेगळे काढल्याची नोंद १८५८ ची आहे. ते पुढे 'कोनेसीन' म्हणून ओळखले गेले. एडवर्ड वेअरिंग यांनी संपादित केलेल्या १८६८ च्या 'फार्माकोपिया ऑफ इंडिया'त बेलफळास स्थान मिळाले. मुंबईत काम करणाऱ्या विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारतातील वनौषधींवर ग्रंथ लिहिले आणि वॉर्डन व हूपर यांच्यासह 'फार्माकोग्राफिया इंडिका' सिद्ध केला.

याच काळात कुड्याची प्रतिष्ठा युरोपात ढासळली. तेथील बाजारात 'तेलिचेरी साल' म्हणून जाणाऱ्या मालात काळ्या कुड्याच्या सालीची सरमिसळ होत असे. दोन्ही वृक्ष एकाच कुळातील, दोहोंच्या शेंगा जोडीने लोंबणाऱ्या. पण गुणांत अंतर. मराठीत मात्र त्यांच्या बियांना 'कडू इंद्रजव' व 'गोड इंद्रजव' अशी वेगळी नावे आहेत आणि जिभेवर ठेवताच भेद कळतो. व्यापाराने जे ज्ञान हरवले ते लोकभाषेने जपून ठेवले होते.

विसाव्या शतकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुड्याचा पद्धतशीर अभ्यास केला. लेनर्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये आमांशावर एमेटीनची टोचणी प्रचारात आणली होती. पण एमेटीन हृदयास घातक ठरत असे. त्यास सौम्य पर्याय म्हणून कुड्याकडे पाहिले गेले. चोप्रा यांचा 'इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे शुद्ध कोनेसीनचे चेतासंस्थेवरील दुष्परिणाम लक्षात आले, १९६० नंतरच्या दशकात मेट्रोनिडॅझोल उपलब्ध झाले आणि कुडा पुन्हा वैद्यांच्या कपाटात परतला. एकेका द्रव्याच्या या शोधाने मापन, शुद्धता व मात्रा यांची शिस्त दिली. परंतु संयोगातील परस्परसंबंधांचा प्रश्न अनुत्तरित राहिला.

विष आणि पाणी

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यास पटकीच्या जंतूचे संशोधन पूर्ण केले. तथापि हा जंतू मारतो कसा, याचे उत्तर मिळण्यास आणखी पाऊण शतक लागले. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये कलकत्त्यातच दाखवून दिले की जंतूने स्रवलेले विष आतड्यावर क्रिया करून पाणी बाहेर खेचते. रुग्ण दगावतो तो पाणी व क्षार गेल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज मिसळलेले पाणी तोंडावाटे देऊन मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आणले. क्षारसंजीवनीचे सामर्थ्य त्यातून सिद्ध झाले. पुढे २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी बालकांच्या अतिसारात कमी तीव्रतेच्या क्षारसंजीवनीबरोबर जस्त देण्याची शिफारस केली. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात २०१६ पासून रोटाव्हायरसची लस येऊ लागली.

या शोधांनी वनौषधींचे स्थान निश्चित झाले. प्राण वाचविण्याचे काम क्षारसंजीवनीचे. रोगाचा काळ व तीव्रता कमी करण्याचे काम औषधाचे. तसेच डे यांच्या शोधामुळे औषधाची कल्पनाही विस्तारली. जंतू मारणे हा एकच मार्ग उरला नाही. जंतूला आतड्यास चिकटू न देणे, विष तयार होऊ न देणे, तयार झालेले विष पेशीला बांधू न देणे हेही मार्ग होऊ शकतात.

परिंचे खोऱ्यातील अभ्यास

या विस्तारलेल्या दृष्टीने महाराष्ट्रात झालेले महत्त्वाचे काम मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेचे होय. डॉ. नोशिर अंतिया यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या या संस्थेतील डॉ. तन्नाझ बिर्डी, डॉ. पूनम दासवानी व सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील परिंचे खोऱ्यात लोक अतिसारावर कोणत्या वनस्पती वापरतात याची पाहणी केली. ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यापुढे एकेका वनस्पतीच्या काढ्याची प्रयोगशाळेत तपासणी झाली.

तिचे निष्कर्ष लक्षणीय आहेत. कच्च्या बेलफळाच्या काढ्याने तपासलेल्या सहा जिवाणूंपैकी एकही मेला नाही. परंतु जिआर्डिया व रोटाव्हायरस यांवर त्याचा परिणाम झाला, पेशींना जिवाणू चिकटण्याचे व आत शिरण्याचे प्रमाण घटले आणि पटकीच्या विषाच्या निर्मितीस बाध आला. पेरूच्या पानांच्या काढ्याने शिगेला व पटकीचा जंतू यांची वाढ रोखली आणि विषनिर्मितीही कमी केली. करंजाच्या पानांनी जिवाणू मारले नाहीत, पण पटकीच्या विषाची निर्मिती घटविली. नागरमोथ्याचे कार्यही प्रामुख्याने जंतू मारण्याखेरीज अन्य मार्गांनी घडते असे आढळले. मात्र ई. कोलाय या जिवाणूचे उष्णतेने नष्ट न होणारे जे विष आहे, त्यावर बेल व पेरू या दोहोंचाही परिणाम झाला नाही.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिकित्सा-चाचणीत प्रौढ रुग्णांना क्षारसंजीवनीबरोबर पेरूच्या पानांचा काढा देण्यात आला. दहा पानांचा काढा दिवसातून तीन वेळा घेणारे रुग्ण ७२ तासांत पूर्ववत झाले. केवळ क्षारसंजीवनी घेणाऱ्यांना १२० तास लागले. येथेही काढा क्षारसंजीवनीच्या जोडीने आहे, तिच्याऐवजी नाही.

संयोगाची कसोटी

वरील विवेचनातून संयोगाविषयी तीन मुद्दे निघतात.

पहिला मुद्दा पूरकतेचा. बेल जिआर्डिया व रोटाव्हायरसवर, तर पेरू शिगेला व पटकीच्या जंतूवर कार्य करतो. गावात रुग्ण आला असता त्याचा अतिसार कोणत्या जंतूचा हे कळण्याची सोय बहुधा नसते. अशा वेळी भिन्न कार्याच्या दोन वनस्पतींच्या संयोगास तर्कशुद्ध आधार मिळतो. याउलट बेल, करंज व सुंठ ही तिन्ही मुख्यतः एकाच गटातील विषांविरुद्ध कार्य करीत असतील, तर त्यांची संख्या वाढवूनही उष्णतास्थिर विषाची उणीव भरून निघत नाही. दारुहळदीतील बर्बेरीन या द्रव्याने ई. कोलायजन्य अतिसारात जुलाबाचे प्रमाण घटल्याचे ढाका येथील १९८७ च्या चाचणीत आढळले होते. उणीव ओळखून घटक निवडणे हीच आधुनिक योगरचना ठरेल.

दुसरा मुद्दा परस्परक्रियेचा. काही द्रव्ये एकमेकांचे बळ वाढवितात. बर्बेरिस वर्गातील एका वनस्पतीत बर्बेरीनबरोबर असलेले दुसरे द्रव्य जिवाणूची औषध बाहेर फेकणारी यंत्रणा बंद पाडते, हे २००० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. काही द्रव्ये मात्र परस्परांना निष्प्रभ करतात. डाळिंबाची साल किंवा बाभळीची साल यांतील टॅनिन अनेक अल्कलॉइडांशी संयोग पावून साका तयार करते. त्यामुळे कुड्यासारखी अल्कलॉइडयुक्त साल त्यांच्याबरोबर उकळल्यास परिणाम वाढेलच असे गृहीत धरता येत नाही. ते तपासावेच लागते.

तिसरा मुद्दा मापनाचा असून तो महाविद्यालयीन संशोधनाशी थेट निगडित आहे. वनस्पतींच्या अर्कांची तपासणी बहुधा आगर माध्यमात जिवाणूवाढ रोखणाऱ्या वर्तुळाचा व्यास मोजून केली जाते, आणि संयोगाची तपासणी किमान प्रतिबंधक मात्रांच्या निर्देशांकावरून. हा निर्देशांक ०.५ किंवा त्याहून कमी आला म्हणजे संयोग सहक्रियाशील मानतात. या पद्धती सोप्या व उपयुक्त आहेत. परंतु त्या केवळ जंतूनाश वा वाढरोध मोजतात. या मापाने बेल व करंज 'निष्प्रभ' ठरतील, कारण त्यांचे कार्य विषावर व चिकटण्यावर आहे. ज्या संयोगाचे सामर्थ्य जंतू न मारण्यात आहे, त्याला जंतू मारण्याच्या मापाने मोजणे हा पद्धतीचा दोष होय. प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढत असताना तर जंतू न मारता रोग सौम्य करणाऱ्या औषधांचे महत्त्व अधिकच आहे.

समारोप

१८१८ मध्ये जालन्यात आलेल्या साथीपुढे वैद्य, हकीम व फौजेचे डॉक्टर सारखेच असहाय होते. त्यानंतरच्या दोन शतकांत औषधी संयोगाचा प्रवास धान्यपंचकाकडून अफूच्या मिश्रणांकडे, तेथून एकेरी अल्कलॉइडाकडे आणि अखेर कार्यानुसार तपासलेल्या काढ्यांकडे झाला. संहितांतील योगरचनेत अवस्था ओळखण्याचा व कामाची वाटणी करण्याचा विचार होता. आधुनिक विज्ञानाने त्याला मापनाची व चाचणीची शिस्त दिली. या दोहोंचा मेळ घालणारे काम अद्याप अल्प आहे, आणि बेल, करंज व नागरमोथा दारात असलेल्या जालन्यासारख्या जिल्ह्यात ते होण्यास वाव आहे. त्यासाठी वनस्पतीची अचूक ओळख, काढ्याची निश्चित मात्रा, विष व आसंजन यांवरील परीक्षण आणि रुग्णांवरील नियंत्रित चाचणी हा क्रम टाळता येणार नाही. बालकांच्या बाबतीत प्रौढांवरील निष्कर्ष तसेच्या तसे लागू करणे धोक्याचे ठरेल.

जुलाब होणाऱ्या मुलाला प्रथम क्षारसंजीवनी, जस्त व आईचे दूध किंवा नेहमीचा आहार मिळाला पाहिजे. काढ्याचा विचार त्यानंतरचा. आणि त्याहीपूर्वी गावाला निर्मळ पाणी मिळाले पाहिजे. ज्या जिल्ह्यात दुष्काळ वारंवार येतो, तेथे अतिसाराविरुद्धच्या कोणत्याही संयोगातील पहिले द्रव्य स्वच्छ पाणी हेच राहील.